न झालेले फेरे

"फेरे झाले होते, एवढंच म्हणा," कोर्टाच्या व्हरांड्यात मंजिरी वकीलबाई कमलाला पुन्हा सांगत होत्या. "अर्जात मी तसंच लिहिलं आहे."

"पन नाही झाले ना मॅडम. आमच्यात नसतेतच फेरे."

"मले माहीत आहे. पन तुमची रीत सिद्ध करायले साक्षीदार कुठून आणू? भंतेजी वारले, फोटो एक नाही. फेऱ्यांचं कोर्टाले समजावून सांगावं लागत नाही."

कमलाचा नवरा नत्थू सिलतऱ्याच्या कारखान्यात फोरमन. बावीस वर्षं संसार झाल्यावर त्याने दुसरी बाई घरात आणली. मी याची लग्नाची बायको आहे, एवढं तरी कोर्टाने म्हणावं म्हणून कमला इथे आली, तर या पठ्ठ्याने लिहून दिलं की फेरेच झाले नाहीत, म्हणजे लग्नच झालं नाही. आणि कमाल बघा, कमलाच्या आत्याने हौसेने आणलेली होमाची लाकडं मांडवाबाहेर फेकायला लावली होती ती यानेच. बुद्धमूर्तीपुढे पांढऱ्या साडीत उभ्या असलेल्या कमलाला तेव्हा त्याचा केवढा अभिमान वाटला होता.

आत नत्थूच्या वकिलाने विचारलं, "फेरे हुए थे?"

कमलाने नत्थूकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता. खोटं बोलणार नाही, हे शील दोघांनी त्या दिवशी एकाच सुरात घेतलं होतं. त्याने ते केव्हाच सोडलं होतं, पण तिची जीभ काही वळेना.

"नहीं. पंचशील लिया था. ये खुद बोले थे, फेरे नहीं लेंगे."

"अर्जी में तो लिखा है, हुए थे. अर्जी झूठी है या आप?"

मंजिरीबाईंनी फाईल मिटली.

महिन्याभराने अर्ज फेटाळला गेला. "बिलासपूरले हायकोर्टात अपील करू," मंजिरीबाई म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात दम नव्हता. काहून खरं बोलल्या, असं मात्र त्यांनी विचारलं नाही, आणि कमलाला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

निकालाची नक्कल घ्यायला ती खिडकीशी गेली. रजिस्टरात नाव लिहिलं, पुढे सवयीने नत्थूचं.

खिडकीतला बाबू भला माणूस होता. हळूच म्हणाला, "दीदी, अब ये नहीं चलेगा. पिताजी का लिख दीजिए."

"हव," म्हणत तिने नत्थूचं नाव खोडलं. बापाचं नाव लिहायला तिला जरा वेळ लागला. शाळा सुटल्यापासून तिने ते लिहिलंच नव्हतं.