हशापुरती जागा

सकाळचा खेळ सुटला तशी कात्री लगबगीनं बाहेर येऊन खांबाआड उभी राहिली. शेजारी निर्मात्या बाई. बाईंच्या हातात कॉफीचा कागदी पेला, पण घोट एकही नाही. दोघींचे कान तेवढे रांगेकडे लागलेले.

बाईंची ही रीतच होती. नवा सिनेमा बाजारात सोडण्याआधी एखादं जुनं थिएटर दिवसभरासाठी घ्यायचं, रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्यांना फुकट आत बसवायचं, एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी. आणि खेळ संपल्यावर कुणाला काहीही विचारायचं नाही. "तोंडावर विचारलं की माणूस मताला पावडर लावून देतो," बाई म्हणायच्या. "खरं मत कॉफीच्या रांगेत सांडतं. आपण फक्त वेचायचं." आजवर वेचलेल्या मतांवर त्यांनी सिनेमे उलटेपालटे केले होते, नायिका बदलल्या होत्या, एकदा तर अख्खा शेवट फेकून दिला होता.

आजचा सिनेमा 'सासरा कपाटात'. घरमालकाला म्हातारी माणसं चालत नाहीत, म्हणून एक कुटुंब न सांगता आलेल्या सासऱ्याला कपाटात लपवतं, एवढीच गोष्ट. बाकी सगळा आचरटपणा. दिग्दर्शन दादाचं. तुकडे जोडून सिनेमा उभा करण्याचं काम त्याच्या धाकट्या बहिणीचं, जिला सगळे कात्रीच म्हणत. आणि कपाटातला सासरा झाले होते त्या दोघांचे बाबा.

बाबांची हयात नाटकात गेली, लोकांना हसवण्यात. मग आवाज बसत चालला. शेवटच्या रांगेपर्यंत पोचेना, तशी नाटकवाल्यांची बोलावणी आटली. सिनेमात आवाज पोचवायचं काम यंत्र करतं, म्हणून दादानं त्यांना कपाटात उभं केलं. त्यांचा हा पहिला सिनेमा, आणि आवाजाची गत बघता बहुधा शेवटचा.

आत्ता ते समोरच्या भिंतीशी, टोपी कपाळावर ओढून, जुनी पोस्टरं वाचत असल्याचं सोंग करत उभे होते. सोंग काही साधलं नव्हतं. ते मघापासून एकच पोस्टर वाचत होते.

रांग बोलू लागली.

"वेळ गेला बरा," एक टक्कलवाला म्हणाला. "डोकं घरी ठेवून यायचा सिनेमा."

"तुला ठेवायला डोकं आहे कुठं," त्याचा मित्र म्हणाला. "मांजर मात्र झकास. मांजराला जास्त काम द्यायला हवं होतं."

"आणि तो म्हातारा?"

"तो कसल्या घाईत होता कोण जाणे. गॅस चालू ठेवून आल्यासारखा बोलत सुटला होता."

दोघं हसले. मागची एक बाई नवऱ्यावर डाफरत होती. "तुझ्या त्या खिदळण्यापायी मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. किती वेळा कोपर मारलं."

"म्हणून तर मग गप्प बसलो ना."

"गप्प बसलास आणि मग घोरलास."

निर्मात्या बाईंनी नवराबायकोचं ते भांडण कानाआड केलं. त्यांनी वेचलं ते दुसरंच. पुढे कुणीतरी म्हणालं, "म्हातारा कंटाळवाणा आहे." कुणी म्हणालं, "काय पुटपुटतो ते कळत नाही." पेला तसाच भरलेला कचऱ्यात टाकून बाई कात्रीकडे वळल्या.

"ऐकलंस?"

कात्रीनं मान हलवली.

"संध्याकाळच्या खेळात म्हातारा नको. दार वाजतं, कपाट हलतं, बास. तोंड दिसायला नको. मांजराचे तुकडे घाल त्या जागी. आणि लांबी आहे तेवढीच राहू दे, वाढली तर थिएटरवाले दारात उभं करणार नाहीत." मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "तुझे वडील आहेत, माहीत आहे मला. म्हणूनच तुला सांगतेय. दुसरा कुणी अजून निर्दयपणे कापेल."

दादा जिन्यात उभा होता, नखं खात. हा त्याचाही पहिलाच सिनेमा. "त्या म्हणतात तसं कर," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "सिनेमा तरी वाचेल."

बाबा मागून कधी आले ते दोघांनाही कळलं नाही. "पोरी, काढून टाक मला," ते म्हणाले. आवाज असा, जसा विहिरीच्या तळाशी पोहरा घासावा. "पडलेला प्रयोग ओढत नेऊ नये. मला राग नाही येणार."

राग आला असता तर बरं झालं असतं, असं कात्रीला वाटलं.

संकलनाची खोली थिएटरच्या मागच्या गल्लीत होती. खिडकी नसलेली, भिंतीला जुने गालिचे ठोकलेले, आवाज आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. कात्री पडद्यापुढे बसली. बाबा तिच्या मागे स्टुलावर टेकले. त्यांनी डबा आणला होता. हात चालत नव्हता तिचा. कपाटाच्या फटीतून बाबांचा डोळा लुकलुकत होता, आणि तोच कापायचा होता.

"आधी खाऊन घे," बाबा म्हणाले.

तिनं डबा उघडला. आणि बाबांनी, घास तोंडाशी नेता नेता, सवयीनं, आपला तो जुना किस्सा काढला. प्रयोगात राजाचा मुकुट विसरला म्हणून डोक्यावर पातेलं घालून रंगमंचावर गेल्याचा. घरात हा किस्सा पोरांच्या दुधाच्या दातांपासून चालत आलेला. आई गेली, घर बदललं, किस्सा तसाच.

"प्रधान मला म्हणाला, महाराज, आपला मुकुट तापलाय," बाबा म्हणाले, आणि थांबले.

कात्रीनं पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

"मी म्हटलं, मग झाकण ठेव."

आणि कात्रीचा हात पेल्यावरच राहिला.

ती नेहमी याच जागी पाणी द्यायची. लहानपणापासून. बाबा बोलता बोलता थांबायचे, तेव्हा आई म्हणायची ताट पुढं कर, दादा भात मागायचा, आणि ती पाणी सरकवायची. घरात सगळ्यांना सगळं पाठ. हसायचं कुणीच नाही. बाबा थांबायचे, आणि त्या थांबण्यात घर आपली कामं उरकून घ्यायचं. पण बाबा काही पाण्यासाठी थांबत नव्हते. नाटकात त्या जागी लोक हसायचे. हशाची लाट उठून, फुटून, ओसरू लागली की बाबा पुढचं वाक्य टाकायचे. तेवढी जागा ते घरीही सोडायचे, रिकामी का असेना.

आणि ती जागा तिनं याच खोलीत, या गालिच्यांच्या भिंतींत, एकेक करून कापून टाकली होती. इथं तिच्याखेरीज कुणी नव्हतं आणि तिला हसू येत नव्हतं. बाबा वाक्य बोलत, मग कपाटाच्या फटीतून नुसते बघत राहत. तिला वाटलं होतं, बाबा वाक्य विसरताहेत. म्हातारपण झाकावं, तसं तिनं ते मायेनं झाकलं होतं. एका वाक्याला दुसरं वाक्य चिकटवलं होतं.

लोक हसले होते. पण त्यांच्या हशाखाली पुढचं वाक्य बुडालं, म्हणून त्यांनी एकमेकांना कोपरं मारली. आणि मग ते हसायचे थांबले.

"बाबा, तुम्ही घरी जा," ती म्हणाली. "संध्याकाळी या."

"माझ्यादेखत कापवत नाही म्हणतेस?"

"हो. जा."

ते गेले. तिनं मूळ चित्रीकरण उघडलं. सेटवर हसायची कुणालाच परवानगी नसते, हसलं तर आवाज चित्रात येतो. त्या मुक्या खोलीत, कपाटाच्या फटीतून बाबा वाक्य टाकत आणि थांबत. न आलेला हशा ऐकत. डोळा हळूच डावीकडून उजवीकडे, जशी समोर माणसांची रांगच्या रांग बसलीय. मग हशा ओसरला असं मानून पुढचं वाक्य. कात्रीनं एकेक थांबणं उचललं आणि परत जागेवर ठेवलं, जसं पडलेलं पिलू घरट्यात ठेवावं.

सिनेमा लांबला. लांबून चालणार नव्हतं. दुसरं काहीतरी काढायलाच हवं होतं, आणि काढण्याजोगं काय आहे ते तिला माहीत होतं. तिनं फोन लावला.

"दादा, तुझी छपरावरची पळापळ काढतेय."

ती पळापळ दादानं जिवाचं रान करून टिपली होती. कौलं फुटली होती, त्याचा स्वतःचा गुडघा फुटला होता.

"सगळी?"

"सगळी. मांजर नाही घालत. बाबा ठेवतेय. बाबा थांबतात ना, ते सगळं परत घालतेय."

"तुला वेड लागलंय का. सकाळीच कंटाळले लोक, आणि तू अजून लांबवतेस त्यांना?"

"हो."

"बाई तुला हाकलतील. मला पण."

"हो."

मग दादा म्हणाला, "पळापळ कुणासाठी काढलीस, ते बाबांना सांगू नकोस."

संध्याकाळी थिएटर भरलं. निर्मात्या बाई आल्या आणि नेमक्या कात्रीच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. दादा दाराशी उभा. बाबा शेवटच्या रांगेत, टोपी मांडीवर. दिवे गेले.

मांजर आलं, लोक हसले. सून आली, घरमालक आला. कपाटाचं दार करकरलं आणि फटीत बाबांचा डोळा दिसला.

बाईंनी कात्रीचं मनगट धरलं. बोटं रुतली.

पडद्यावर घरमालकानं विचारलं, "कपाटात कोण आहे?"

"कपडे," आतून बाबा म्हणाले.

"कपडे बोलतात कसे?"

"धुतलेले नाहीत, म्हणून."

आणि बाबा थांबले.

डोळा फटीतून बघत राहिला. थिएटर गप्प. कुणीतरी खोकलं. कुणाच्या तरी पिशवीत कागद कुरकुरला. खोलीत एवढंसं वाटलेलं ते थांबणं इथं अंगणाएवढं पसरलं, आणि त्या अंगणात कुणी येईना. बाईंची बोटं आणखी घट्ट झाली. चुकलं, कात्रीला वाटलं. बाबा खरंच विसरले होते, आणि आपण ते सगळ्या गावापुढं उघडं टाकलं.

डोळा हळूच डावीकडून उजवीकडे फिरला. जणू एकेकाचं तोंड न्याहाळत होता.

पुढच्या रांगेतून कुणी पोरगी फिस्सकन हसली. तिच्या शेजारी दुसरं कुणी. मग हसू मागं सरकत आलं, रांगेमागून रांग, दाबून ठेवलेलं झाकण उडावं तसं, आणि कात्रीच्या खुर्चीखालून आणखी मागं गेलं. एकजण गुडघ्यावर थाप मारत होता. हशा चढला, फुटला, उतरू लागला, आणि बरोबर तिथं, ओल्या वाळूवर पाऊल पडावं तसं बाबांचं पुढचं वाक्य पडलं.

"आणि दार जरा हळू लावा. माझी बाही अडकलीय."

यावर जे झालं त्यात तिसरं वाक्य बुडालंच असतं. पण तिथंही बाबा थांबले होते.

बाईंनी मनगट सोडलं. त्या हसत नव्हत्या. मान तिरकी करून, डोळे मिटून, नुसत्या ऐकत होत्या.

खेळ सुटल्यावर खांबाआड पुन्हा दोघी. रांग बोलत होती, आणि सगळं गोड नव्हतं. "कथा म्हणशील तर शून्य." "नायक कसला ओंडका आहे." "मांजर अजून हवं होतं." एक बाई डोळे पुसत कुणाला तरी फोनवर सांगत होती, "अगं नाही, रडत नाहीये. तो कपाटातला म्हातारा. ये उद्या... उद्या कुठला, अजून लागायचाय."

बाईंनी कॉफीचा घोट घेतला. "छपरावरची पळापळ कुठं गेली?"

"काढली."

"बरं केलंस. कंटाळवाणी होती." दोन पावलं जाऊन त्या वळल्या. "पुन्हा माझं न ऐकता काही केलंस तर दुसरं काम शोध. म्हातारा राहू दे."

दादा जिन्यात बसला होता. कात्रीनं त्याला नुसती मान हलवून दाखवली, आणि त्यानं दोन्ही तळव्यांत तोंड घातलं.

बाबा शेवटच्या रांगेतच होते. झाडूवाली रांगांमधले कागद गोळा करत होती, तिच्यासाठी त्यांनी पाय वर घेतले होते. कात्री शेजारी जाऊन बसली.

"राहिलात तुम्ही," ती म्हणाली.

त्यांनी मान डोलावली. टोपी मांडीवर गोल गोल फिरवत राहिले. "घरमालक खिडकीतून बघतो ना, तिथं जरा जास्त थांबलीस," ते म्हणाले. "हशा उतरून गेला होता. लोक वाट बघत होते."

"उद्या कमी करते."

"थोडंसंच."

मग ती म्हणाली, "घरी तर कुणीच हसायचं नाही. तिथं कशाला थांबायचात?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं, खरंच कळलं नसल्यासारखं.

"तू पाणी द्यायचीस की," ते म्हणाले.