फळीवर ठेवलेला टॅब

"मार्टा, आज तू तोंड उघडायचं नाहीस," कोस्कीबाईंनी शाळेच्या दारातच बजावलं होतं. "जे बोलायचं ते तिने."

मार्टाच्या सहा वर्षांच्या लेकीला, लिनियाला, शब्द फुटत नसत. ती टॅबवरच्या चित्रांवर बोट ठेवी आणि टॅब बोले. बोलणं शिकवणाऱ्या कोस्कीबाईंनी तो सहा आठवड्यांसाठी मिळवून दिला होता. कुणीही न सुचवता शाळेत दिवसातून दहा वेळा बोलली, तर टॅब तिचा; नाहीतर परत. आज निकाल.

मार्टाला काळजी नव्हती, असं ती रात्रभर स्वतःला सांगत होती. घरी तिने लिनियाचा शब्दन् शब्द वहीत टिपला होता. परवा तळ्यावरून मासे धरून आलेल्या बापाला पोरीने "बाबा, घाण वास" असं तीनदा ऐकवलं होतं!

कोस्कीबाईंनी तक्ता वाचला. "शाळेत सरासरी चार."

"चार?" मार्टा म्हणाली. "अहो, घरी तर चाळीस..."

"आईसमोर सगळीच बोलतात," जिल्हा कार्यालयातून आलेले ग्रंडीसाहेब म्हणाले. "तुम्ही नकळत खुणावत असाल."

ते अगदीच खोटं नव्हतं. मार्टाने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"पोर हुशार आहे हो," वर्गातली मदतनीस बेव्ह म्हणाली. लिनियाचे बर्फातले बूट चढवण्यापासून सगळं तीच करी. "पण दुपारी बघावं तर तोंड मिटून बसते."

तेवढ्यात टॅब बोलला. "जेवण."

"भूक लागली वाटतं," ग्रंडीसाहेब हसले.

लिनियाने जोरात नकारार्थी मान हलवली. मार्टाची जीभ वळवळली. काय हवंय गं, दाखव मला. तिने ओठ चावला. लिनिया पानं उलटत होती, चुकत होती, पुन्हा मागे जात होती.

"जेवण. टॅब. वर." मग बोट सरळ बेव्हकडे. "मैत्रिणी बोलतात. मी नाही."

बेव्हचा चेहरा लाल झाला.

"अगं बाई! सूप सांडेल म्हणून मीच तो जेवताना फळीवर ठेवते. खेळाच्या सुट्टीतही. महागाची वस्तू, म्हटलं जपावी." ती थांबली. "म्हणजे पोरी गप्पा मारतात नेमकं तेव्हाच मी हिचं तोंड फळीवर ठेवत होते!"

ती ताडकन उठली आणि शाळेच्या स्वयंपाकघरातून मांस गोठवायची झिपची पिशवी घेऊन आली. टॅब आत सरकवला. लिनियाने प्लॅस्टिकवरूनच बोट दाबलं. "बेव्ह." आवाज आला.

"आता हवं तेवढं सूप सांड, राणी!"

ग्रंडीसाहेबांनी चार हा आकडा खोडला. "सगळ्यांचं बोलणं चालू असतं तेव्हाच हिचं बंद, मग तक्त्याला काय अर्थ? आणि आत्ता तर हिला कुणीच सुचवलं नाही." त्यांनी सही करून कागद मार्टापुढे सरकवला. "टॅब हिचा."

मार्टाचे डोळे भरले, पण सवय कुठे जाते? "लिनिया, साहेबांना थँक्यू म्हण बघू..."

"आई, थांब," टॅब म्हणाला.

बेव्ह खो खो हसत सुटली. कोस्कीबाईंनी पेन उचललं. "हे मोजणीत धरायचं का?"

"धरा म्हणजे काय!" मार्टाने आपली वही उघडली आणि त्या दिवसाच्या तारखेखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मला गप्प केलं.' मग खाली दोन रेघा ओढल्या.