चोविसावी ओळ

आजार परत आला तर तो आधी तुमच्या डाव्या हाताला कळवेल, असं डॉक्टर म्हणाले होते. माझ्या डोक्याच्या उजव्या बाजूतून त्यांनी लिंबाएवढा ट्यूमर काढला होता आणि सगळा निघालाय अशी हमी ते देत नव्हते. "हाताला रोज बारीक काम द्या. शिवण, विणकाम, काहीही. काम बिघडायला लागलं की त्याच आठवड्यात या. लवकर आलात तर मला काहीतरी करता येईल." मी डावखुरी. म्हणजे आजारानं निरोप धाडायला नेमका माझा कामाचा हात निवडला होता. "कळवेल म्हणजे पत्र घालेल का?" मी विचारलं. डॉक्टर हसले नाहीत. ताई हसली, आणि मग बाहेरच्या बाकावर बसून रडली.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून माझ्या वेण्या, माझे डबे, माझी आजारपणं सगळं तिच्याच गळ्यात पडलं. आता ती साठीला टेकली आणि मी पन्नाशीच्या उंबऱ्यावर, तरी त्यात काही फरक नाही. खाली तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान, वर घर. दवाखान्यातून सुटल्यावर तिनं मला तिच्या मागच्या खोलीत आणून टाकलं आणि माझ्या घराची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये. मी छापखान्यात मुद्रितं तपासते. लोकांच्या चुका काढून पोट भरते. या कामामुळे माझा स्वभाव असा झाला की स्वभाव असा म्हणून हे काम मिळालं, यावर आम्हा दोघींचं कधीच एकमत झालेलं नाही.

गोधडीची कल्पना तिची. वरच्या थराला दुकानातल्या चिंध्या: आखूड केलेल्या पँटींचे पाय, शर्टांच्या बाह्या, कुणाच्या तरी पडद्याची कड. मध्ये तीन जुन्या पांढऱ्या चादरी. आणि पाठीला काळं छत्रीचं कापड. आमचे वडील छत्र्या दुरुस्त करायचे. त्यांच्या मागे उरलेला काळ्या कापडाचा तागा ताईनं तीस वर्षं कपाटाच्या वर ठेवला होता. "बाबांचं कापड कधी कामी यायचं? घे, टाक पाठीला," ती म्हणाली.

नियम साधा होता. रोज दुपारी तीनला एक ओळ. या कडेपासून त्या कडेपर्यंत धावदोरा, एक ओळ म्हणजे एक दिवस. पाचला गोळी घ्यायची. त्या गोळीनं डोळ्यांपुढे सगळं पोहायला लागायचं आणि आठपर्यंत मी मेल्यासारखी झोपायची. संध्याकाळी तुमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, काम सकाळी तपासा, असंही डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून रोज सकाळी चहाच्या आधी मी गोधडी खिडकीशी न्यायची आणि कालची ओळ वाचायची.

मला त्या गोधडीनं किती धीर दिला ते सांगायला हवं. पहिल्या आठवड्यात माझे टाके दारुड्यासारखे चालायचे. मग ते छोटे झाले, एकसारखे झाले, रांगेत आले. दवाखान्यात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायचे, आणि मला त्या आवाजाची भीती बसली होती. सुई हळू आवाजात बोलत नव्हती. ती आत जायची, बाहेर यायची, आणि सकाळी मला खरं सांगायची. ओळ सरळ तर मी सरळ. इतका शांतपणा मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता, आणि तो मिळायला डोकं फोडून घ्यावं लागलं याचा मला रागही यायचा.

एकोणिसावी ओळ बिघडली. त्या दिवशी मला ताप होता आणि बिघडायला तेवढं कारण पुरेसं होतं. पण मी गोधडी भिंतीवर फेकली, दोन दिवस जेवले नाही, आणि ताईला म्हटलं की मला परत ऑपरेशनच्या त्या टेबलावर नेऊ नकोस, त्यापेक्षा इथेच मरू दे. ती दोन दिवस ताट घेऊन दाराशी उभी. ताप उतरला, विसावी ओळ सरळ आली, आणि मी पोटभर जेवून तिची माफीसुद्धा मागितली.

त्यानंतर ओळींत कुठेच काही खोट दिसेना. फक्त बारीकसारीक गोष्टी व्हायला लागल्या. कप हातातून सुटला. गिऱ्हाइकांच्या चहाचा साधाच कप, म्हणून ताई रागावली नाही. डाव्या पायातली चप्पल जिन्यात राहायची आणि मी अनवाणी वर यायची, ते मला वर आल्यावर कळायचं. ताटातला डावीकडचा भात तसाच राहायचा आणि मी आणखी भात मागायची. "डोळे फुटले का गं तुझे, डावरे?" ताई म्हणायची, ताट फिरवून द्यायची आणि पटकन आत जायची. दुपारी शिवतानाही कधी कधी वाटायचं की ओळ घसरतेय, सुई भलतीकडे निघतेय. पण सकाळी खिडकीशी नेऊन पाहावं तर ओळ सुतासारखी. मग मी स्वतःलाच हसायची.

ताई मात्र वाळत चालली होती. एरवी गिऱ्हाइकाच्या पोटाचा घेर मोठ्यानं वाचून दाखवणारी बाई, आता तिच्या तोंडातून शब्द फुटेना. दोन-तीनदा म्हणाली, "जाऊ या का एकदा डॉक्टरांकडे? नुसतं दाखवून येऊ." मी म्हटलं, "तारीख पुढच्या महिन्यातली आहे. आणि हे बघ." मी तिच्यासमोर गोधडी धरली. तिनं गोधडीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, थकली आहे.

मग एका संध्याकाळी तिला गणवेशांच्या मोठ्या कामासाठी शाळेत जावं लागलं. ती साडेआठला परत आली, तेव्हा मी उठून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोधडी खिडकीशी नेली. त्रेसष्टावी ओळ पहिल्या वितीपर्यंत ठीक होती. पुढे ती खाली घसरत गेली होती, मध्येच बोटभर लांब टाके, मध्ये एका जागी चार टाके एकमेकांवर चढलेले, आणि शेवट बासष्टाव्या ओळीला छेदून भलतीकडेच. मी पलंगावर बसले. पण मुद्रितं तपासणाऱ्या बाईचे डोळे भीतीतही आपलं काम सोडत नाहीत. विसाव्यापासून बासष्टाव्यापर्यंत सगळ्या ओळी अशा नि त्रेसष्टावी अशी, हे कसं होईल? एका रात्रीत हात एवढा बिघडतो का? एखाद्या पुस्तकात एकाच पानावर इतक्या चुका आणि बाकी पानांवर एकही नाही असं दिसलं, तर मी म्हणते की बाकीची पानं दुसऱ्या कुणीतरी तपासली आहेत.

मी गाठी शोधायला लागले. डावखुरा माणूस धावदोरा डावीकडून उजवीकडे घालतो, उजव्या हाताचा उजवीकडून डावीकडे. म्हणून माझ्या दोऱ्याची पहिली गाठ डाव्या कडेला असते. पहिल्या तेवीस ओळींच्या गाठी डावीकडे होत्या. चोविसाव्या ओळीपासून बासष्टाव्यापर्यंत सगळ्या गाठी उजवीकडे.

मग मी गोधडी उलटी केली. छत्रीच्या कापडाची वीण इतकी घट्ट की एकदा सुई गेली की भोक बुजत नाही. याचसाठी बाबा आम्हाला त्या कापडावर शिकू देत नसत. चुकलेला टाका उसवला तरी पाणी तिथूनच गळणार, आणि एकदा ताईनं असं भोक पाडलं म्हणून तिला पट्टीचा मार बसला होता. काळ्या पाठीवर ताईच्या सरळ ओळी होत्या. आणि त्यांच्या वर, खाली, मधून, पांढरे ठिपके होते. माझ्या उसवलेल्या टाक्यांच्या भोकांतून आतल्या चादरीचे धागे बाहेर आले होते. पहिले ठिपके ओळीच्या जवळ जवळ होते. तिसाव्या ओळीनंतर ते लांब गेले. पन्नाशीनंतर त्यांना काही धरबंदच नव्हता.

ताई चहा घेऊन आली. माझ्या मांडीवर गोधडीची काळी बाजू पाहिली आणि कप तिथेच जमिनीवर ठेवला.

"कधी करायचीस?" मी विचारलं.

"तू झोपल्यावर. पाच ते सात."

"का?"

"एवढी एकच, म्हटलं." ती पलंगाच्या कडेला बसली. "चोविसावी बिघडली. मला वाटलं तू परत जेवायची नाहीस. तीस वर्षं लोकांचं बिघडलेलं नीट करून देते, हात आपसूक तिकडे गेला गं. उसवली आणि घातली. दुसऱ्या दिवशी तुझी नीट आली असती तर संपलंच होतं. पण नाही आली. मग तुला कोणत्या तोंडानं सांगू? रोज म्हणायचे, उद्या सांगते."

"आणि गाठ उजवीकडे?"

"लक्षातच नाही आलं."

"आणि पाठीला बाबांचं कापड? पट्टी विसरलीस?"

मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. खरंच वाटली. आणि त्याच वेळी तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसंही वाटलं, आणि या दोन्हींतलं काहीच करता येईना, कारण माझा डावा हात गोधडीची कड सोडायला तयार नव्हता. मी त्याला सोड म्हणत होते आणि तो ऐकत नव्हता. ताईनं एकेक बोट उकललं.

त्याच सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी आधी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली, मग हातात पेन्सिल दिली, ती पडली, त्यांनी ती उचलली. मी त्यांच्या टेबलावर गोधडी उलटी पसरली आणि सांगितलं की एक ओळ म्हणजे एक दिवस. त्यांनी चष्मा काढून ठिपक्यांवरून बोट फिरवलं. शिवणातलं त्यांना काही कळत नसावं, पण हे त्यांना वाचता येत होतं.

"सुरुवात कुठून आहे?" त्यांनी विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत ताई पुढे झाली आणि तिनं चोविसाव्या ओळीवर बोट ठेवलं. "इथून. मी उसवल्यात. हिला माहीत नव्हतं."

डॉक्टर ओळी मोजायला लागले. त्यांचे ओठ हलत होते. मला आकडा ठाऊक होता, ताईलाही होता, तरी आम्ही दोघी त्यांच्या ओठांकडे पाहत राहिलो. त्रेसष्टाव्या ओळीपाशी ते थांबले. चाळीस दिवस. त्यांनी फोन उचलला आणि खाट रिकामी आहे का ते विचारलं. मग डोक्याचे नवे फोटो काढले, ते उजेडावर लावले आणि मला विचारलं, "घरी आणखी कोण आहे?" मी म्हटलं, "हीच." ते म्हणाले, उद्या सकाळी उघडतो. लवकर आलात तर, हे वाक्य त्यांनी या वेळी उच्चारलं नाही.

दुपारी तीनला मी खाटेवर उठून बसले आणि ताईला म्हटलं, "सुई ओवून दे."

"आज राहू दे की."

"चौसष्टावी राहिली आहे."

तिनं सुई ओवली, माझ्या डाव्या हातात दिली आणि स्टुलावर बसली. मी डाव्या कडेला पहिली गाठ मारली, ती तीनदा मारावी लागली. मग निघाले. सुई कुठे जातेय ते मला नीट दिसत नव्हतं, आणि कधी कधी हात माझा आहे हेही कळत नव्हतं. बोटाला दोनदा टोचली. ताई एकदा पुढे वाकली. मी वर पाहिलं. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि तशीच बसून राहिली. एरवी वीस मिनिटांचं काम, पण उजव्या कडेला पोचायला मला तास लागला.

"वाच," मी म्हटलं. "मला दिसत नाही."

ताईनं वाकून ओळ पाहिली; मी गोधडी उलटी केली, तशी काळी पाठही पाहिली.

"वाकडी आहे," ती म्हणाली.

"किती?"

"कालच्यापेक्षा जास्त." तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण तिनं ते पुसलं नाही. "शेवटचे सहा टाके पाठीपर्यंत पोचलेच नाहीत."

"उसवायची?"

तिनं हात मांडीखालून काढले नाहीत. "नाही," ती म्हणाली. "राहू दे तशीच."