सासूबाईंचा गुडघा

प्रयोगशाळेत तिनं यंत्राचं झाकण उघडलं. चाचणी यंत्रातल्या कृत्रिम गुडघ्याची प्लास्टिकची गादी आरपार झिजली होती. तिच्यावर घासणारा धातूचा भाग एरवी आरशासारखा लखलखायचा. त्यावर आता नांगर फिरवल्यासारखे चरे उठले होते.

"साहेब, मी भुकटी जास्त तर नाही ना टाकली?" तिनं विचारलं.

सांधा हाडाला चिकटवतात त्या सिमेंटचे बारीक कण कधीकधी आत शिरतात. तसं झालं तर काय होतं, हे बघायला या खेपेला यंत्रातल्या द्रवात त्याचीच भुकटी घातली होती. स्वच्छ द्रवात हेच गुडघे महिनोन्‌महिने चालत, गादीला काही होत नसे.

साहेबांनी शेजारचा कप्पा उघडला, मग त्याच्या पलीकडचा. सगळीकडे तेच. ते तिच्याकडे वळले.

"अहो, हे माणसांना बसवलेत!"

"माझ्या सासूबाईंनाही," ती म्हणाली.

साहेब म्हणाले, "कण आत शिरले तरच असं होईल. अहवाल वर जाईपर्यंत घरी बोलू नका. उगाच धसका घेतील."

तिनं मान डोलावली. पण सासूबाई हल्ली म्हणायच्या, गुडघ्यात काहीतरी कचकचतं. घरात सगळे ते हसण्यावारी न्यायचे. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती निघाली.

सासूबाई खुर्चीवर चढून पडदे काढत होत्या.

"अगोबाई, आज लवकर? हे टोक धर जरा."

"आई, आधी खाली उतरा."

"का गं? चेहरा का असा पांढराफटक?"

तिनं सगळं एका दमात सांगून टाकलं. सासूबाई पडदा मांडीवर घेऊन ऐकत राहिल्या.

"म्हणजे कचकच खरीच होती."

"असेल किंवा नसेल. उद्या डॉक्टरांना दाखवू."

"साहेबांनी सांगायला सांगितलं मला?"

"नाही. सांगू नका म्हणाले."

"बरं केलंस सांगितलंस. गुडघा माझा, आणि मलाच शेवटी कळायचं?"

ऑपरेशननंतर काठी टाकली, तेव्हापासून सासूबाईंनी कुणाचा आधार घेतला नव्हता. आता उठताना त्यांनी, तिच्याकडे न बघता, हात पुढे केला. तिनं तो धरला.