उषाची काकणं

"काकू, बांगड्या काढाव्या लागतील बघा," तलावाच्या तोंडाशी उभी असलेली पोरगी म्हणाली.

उषा सवयीनं हात पदराखाली घ्यायला गेली, तर पदर कुठला? भाड्यानं घेतलेला नायलॉनचा अंगरखा आणि विजार. मग तिनं हात पाठीमागे नेले.

"मंगळसूत्र असूदे, कपड्याच्या आत सारा. पण काच चालत नाही. पाण्यात फुटली तर पोरांच्या पायात जातीय." पोरगी बेळगावकडची होती. छातीवर स्वाती असं नाव लावलेलं, गळ्यात शिट्टी. बोलणं मऊ, पण वाट काही सोडीना.

"मग ऱ्हवांदे," उषा म्हणाली. "मी सामानाकडे बसतंय."

सून अर्चना नातीला, सिद्धीला, घेऊन केव्हाच पाण्यात शिरली होती. मुलगा राजेश घसरगुंडीच्या रांगेत. आणि सामानाकडे बसायला तर उषाचा नवरा सगुण आधीच खुर्ची अडवून बसला होता. पाच पिशव्यांना दोन राखणदार कशाला हवेत?

पण हीसुद्धा सुमंगलेचीच शिकवण. तुये गावात त्यांच्या शेजारी राहणारी सुमंगला या छपराखालच्या पाण्याच्या बागेत आयुष्यात एकदाच येऊन गेलेली, पण सल्ले असे देत होती की जणू तलाव तिनंच खणला. "केसांक तेल चोपडून जावा वैनी, नायतर त्या औषधाच्या पाण्यान केस नारळाच्या सोडणासारे होतत. फाटफटी निघा, मागीर गर्दी होता. एक म्हातारा माणूस सामानाकडे बसवा." बाहेरचं खाणं आत चालत नाही, हे तेवढं सांगायला विसरली. मग उषानं पहाटे उठून केलेले तांदळाचे पोळे आणि अळसांद्याची भाजी दरवाजाबाहेर उभ्या उभ्या संपवावी लागली. दोन उंडे पाव तर राजेशनं नुसते कोंबले. फुकट कोण घालवील?

"आणि काकणां घराकच काढून दवरा," असंही सुमंगलेनं सांगितलं होतं. ते मात्र उषानं या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं. वाटलं, आपल्यासारखीला कोण अडवतंय?

ती सगुणच्या शेजारी येऊन बसली. सगुणनं तिच्याकडे बघितलं, मग तिच्या हातांकडे.

"काय झाला?"

"काय नाय. माका थंडी वाजता."

"आतां वाजूक लागली?"

 वर पत्र्याचं छप्पर, खाली प्लास्टिकचे माड, पोरांचा कालवा. सगळ्या घराला वाटत होतं की ही सहल सिद्धीसाठी. खरं काय ते उषा आणि सगुण या दोघांनाच ठाऊक. पुढच्या आठवड्यात सगुणचं हृदयाचं ऑपरेशन होतं, ते सगळ्यांना माहीत. डॉक्टरांनी जिने चढायला बंदी केलेली, पाण्याचं तर नावच नको. आणि हा गडी स्वयंपाकघरात येऊन म्हणाला होता, "सिद्धीचा निमित्त गो. माका तुका पेवताना बघूचा आसा."

उषाचं माहेर चोपड्याचं, नदीच्या काठावरचं. पूल नव्हता तेव्हा फेरीबोट सुटली की तिच्या मागे पोहत जाणाऱ्या पोरांत ही एकटी पोरगी. लग्न होऊन तुयेला आली. चोपडं तिथून हाकेच्या अंतरावर, नदीही तीच, पण सून झाल्यावर कोण पोहतंय? सगुण औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात फिटर, आणि ती फाटकाबाहेर गाड्यावर चहा-भजी करायची. पाणी होतं ते कपबश्या विसळण्यापुरतं. आयुष्य कसं सरलं, कळलं नाही. आणि सगुणनं तिला पोहताना एकदाही पाहिलं नव्हतं.

पण काकणं? लग्न झाल्यापासून तिचे हात कधी भुंडे राहिले नव्हते. नवी काकणं भरतानासुद्धा कासार एक जुनं हातात ठेवून मगच बाकीची उतरवी. ही हिरवी तर तिनं गेल्या शुक्रवारी सातेरी देवीची ओटी भरून, नवऱ्यासाठी मागणं मागून भरली होती. आणि ऑपरेशन तोंडावर आलेलं असताना ती स्वतःच्या हातानं उतरवायची? नसती अवदसा ओढवायची.

"काढ आणि जा," सगुण म्हणाला. त्याला कळलंच होतं. "देव काय तुझी काकणां मोजीत बसलोसा?"

"तुमका काय जाता सांगूक? माका भय वाटता." ती बोलून गेली. इतक्या दिवसांत डॉक्टरांपुढे, राजेशपुढे ती भिंतीसारखी उभी होती. रडायचं ते चुलीपुढे.

सगुणनं खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"भय माकाय आसा," तो म्हणाला. "माका धड जेवण जायना. पण आयक. माझा काय बरावाईट झाला, तर तुझी काकणां कोण काढतली? शेजारणी. तुका विचारूचीय नाय कोण."

"असला बोलू नकात."

"बोलांदे. त्याच्यापरीस आज मी काढतंय, माझ्या हातान. आणि मीच परत घालतलंय. मगे?"

उषानं त्याच्याकडे पाहिलं. या माणसानं जन्मात तिच्या काकणांना हात लावला नव्हता. सणाला कासाराचे पैसे दिले की त्याचं काम संपलं.  तिनं डावा हात पुढे केला.

नळाशी साबण होता. सगुणनं तिचा हात भिजवला, बोटं मिटून धरली आणि जाम झालेलं बेअरिंग काढावं तसं, घाई न करता, एकेक काकण फिरवत उतरवलं. मग उजव्या हाताची काढली. मधे दम लागला तेव्हा थांबला. स्वातीनं ते बघितलं आणि शिट्टी तोंडात धरून उगाच दुसरीकडे बघत राहिली. शेवटचं निघालं तेव्हा उषानं डोळे मिटून घेतले.

"जा आतां," तो म्हणाला. काकणं त्यानं बोटांत ओवून मूठ मिटली.

पाणी कमरेपर्यंत आलं, मग छातीपर्यंत. उषानं पाय सोडले. अंगाला सगळं आठवत होतं, तिलाच काय ते माहीत नव्हतं. हे पाणी औषधाचं, नदीचं खारट नव्हे, पण धरून ठेवायचं ते तसंच. ती आडवी होऊन हात मारत पार पलीकडे गेली, परत आली, मग उताणी तरंगत राहिली. सिद्धी अर्चनाला सांगत होती, "आई, आजी पेवता, बघ." उषानं काठाकडे पाहिलं तर सगुण उभा राहून बघत होता, तोंडभर हसत. तिला लाज वाटावी इतका आनंद झाला. काही काळ ती आपले हात विसरली.

बाहेर आली तेव्हा सगुण खुर्चीत होता. मान एका बाजूला कललेली, तोंड उघडं.

उषा निथळत तिथंच थांबली.  मग त्याच्या शर्टाची बटणं हलली. वर झाली, खाली गेली. झोप लागली होती त्याला, दुसरं काही नाही.

त्याच्या मिटल्या मुठीतून काकणं दिसत होती. ओढली असती तर निघाली असती. ती तिथंच ओल्या फरशीवर, त्याच्या पायाशी बसली.

सिद्धी पाणी गाळत धावत आली. "आजी, तुझी काकणां खंय?"

"हळू बोल," उषा म्हणाली. तिनं भुंडे हात मांडीवर ठेवले होते आणि नजर सगुणच्या छातीवर होती. "आजो उठलो की घालतलो."