ताईने लावलेली कडी

मित्रांनो, मी एका घराच्या पुढच्या दाराची कडी आहे. जुनी, लोखंडी, आतल्या बाजूची. लोहाराने मला तापवून घडवलं. सुताराने मला दारावर बसवलं आणि माझं टोक अडकावं म्हणून चौकटीवर स्क्रूने कोयंडा लावला. तेव्हापासून मी तिथेच आहे.

घरात चौघं होती. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे, आई दवाखान्यात कामाला जायची. ताई दहा वर्षांची आणि तिचा भाऊ छोटू तीन वर्षांचा. छोटूला बाहेर जायचं असलं की तो दोन्ही तळहातांनी दार हलवत राही. त्या हादऱ्यांनी कोयंड्याचा स्क्रू ढिला झाला.

"अहो, तेवढा स्क्रू आवळा ना," आई म्हणायची.

"रविवारी बघतो," बाबा म्हणायचे. असे पाच रविवार गेले.

एका दुपारी ताईने मला नीट लावलं आणि ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेली. छोटू दारापाशी आला, दार हलवू लागला. कोयंडा कलला आणि मी निसटले. पुढचं मी पाहिलं नाही, फक्त ऐकलं. रस्त्यावर करकचून लागलेला ब्रेक. छोटू त्या दारातून पुन्हा आत आला नाही.

"मी कडी लावली होती," ताई रडून रडून सांगत होती.

"लावली होतीस, तर उघडली कशी?" आत्या म्हणाली. शेजारच्या शिंपीणबाईही तेच म्हणाल्या. आई काहीच बोलली नाही, आणि ताईला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना बाबा दारापाशी आले. त्यांनी तो स्क्रू घट्ट आवळला. संध्याकाळी आईने कोयंडा हलवून पाहिला, तर तो जागचा हलला नाही.

तेव्हापासून ताई मला लावल्यावर दोनदा ओढून बघायची आणि मोठ्याने म्हणायची, "लावली." रोज. खुर्चीत बसलेले बाबा ते रोज ऐकायचे. या सवयीनेच ताई घडत गेली. तिच्या हातून कधी नळ उघडा राहिला नाही की गॅस. पुढे ती शाळेच्या बस तपासायच्या कामाला लागली. "हिने पास केलेली बस डोळे मिटून सोडा," असं तिचे साहेब म्हणत. पण शाबासकी मिळाली की ती मान खाली घालायची. आई गेली त्या दिवशीही ती तिचे पाय धरून माफीच मागत होती.

मला सगळं ठाऊक होतं आणि बोलता येत नव्हतं. अजूनही वाऱ्याने दार हललं की मला ते दोन तळहात जाणवतात.

गेल्या महिन्यात जेवताना ताई सहज म्हणाली, "आज एका बसचं दार आपोआप उघडत होतं. ड्रायव्हर मदतनीस बाईंना ओरडत होता. मी म्हटलं, त्यांना कशाला बोलता? आधी स्क्रू बघा."

बाबांचा घास हातातच राहिला.

"त्या दिवशी तू कडी लावली होतीस," ते म्हणाले. "स्क्रू ढिला होता. मी नंतर आवळला."

ताईने ताट बाजूला सारलं. "आईला सांगितलं होतं तुम्ही?"

"नाही."

"आत्याला?"

बाबांनी मानेनेच नाही म्हटलं.

"मग आता सांगा. ज्यांनी ज्यांनी मला बोल लावला, त्यांच्या घरी जाऊन सांगा. मी बरोबर येणार नाही."

आता बाबा रोज सकाळी काठी टेकत बाहेर पडतात. दिवसाला एकच घर होतं, तेवढ्यानेही ते दमतात. आत्याकडे गेले, त्याच संध्याकाळी ती आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. "काय काय बोलले गं मी तुला," एवढंच तिला म्हणता आलं. ताईने तिला आत घेतलं.

मित्रांनो, छोटंसं काम समोर दिसलं तर त्याच दिवशी करा. आणि आपली चूक दुसऱ्याच्या माथी बसली असेल, तर तेही त्याच दिवशी सांगा. बाबा आता घरोघर जातात, समोरचा बोलेल ते ऐकून घेतात. पण सगळ्यांत आधी ज्या आईला सांगायला हवं होतं, ती आता कुठल्याच दारामागे नाही.