खोडलेलं गणित

माझं कॉलेज म्हणजे छापखान्याच्या वरचा मजला. तीन वर्ग, एक प्रयोगशाळा, सगळ्या मिळून चाळीस मुली. मुलगा औषधालासुद्धा नाही. शाळेत मी तोंड उघडलं की मागच्या बाकावरची मुलं खिदळायची. इथं आल्यावर सहा महिन्यांत मी अशी बोलायला लागले की बाईच मला गप्प करायच्या. ती जागा माझी होती. आणि दुसऱ्या वर्षी तिथं येऊन कोण बसलं? माझी वहिनी!

दादाचंच डोकं ते. "तू जातेसच, तर हिलाही ने," म्हणे. जशी काही मी पिशवीच नेणार होते. वहिनीचं पहिलं वर्ष झालेलं, पुढचं लग्नात राहून गेलेलं. मला वाटलं, चार दिवसांत कंटाळेल. कसली कंटाळते! महिन्याभरात मुली गणितं विचारायला माझ्याऐवजी तिच्याकडे जायला लागल्या. बाई तिची वही बघून "वा!" म्हणाल्या. माझी वही बघून कधी "हं"च्या पुढे गेल्या नव्हत्या. माझा नुसता तिळपापड व्हायचा. जळत होते, हो. लपवायचं काय त्यात?

एकच समाधान होतं. चाचणीत ती माझ्या मागे राहायची. कधी एका गुणानं, कधी दोन. वर्षात चार चाचण्या व्हायच्या आणि चारही मिळून जी पहिली येईल तिच्याकडे तिथून पुढे वर्षभर प्रयोगशाळेची किल्ली. सकाळी लवकर येऊन एकटीनं तिथं बसता यायचं. घरात मला माझी म्हणून एक खुंटी नव्हती. ती किल्ली मला हवीच होती.

चौथी चाचणी झाली. आमच्याकडे पेपर मुलींनीच एकमेकींचे तपासायचे. बाईंनी गठ्ठा पिसून वाटला आणि माझ्या हातात नेमका वहिनीचा पेपर आला. शेवटचं गणित, जे मला सुटलं नव्हतं, तिनं पूर्ण सोडवलं होतं. उत्तर बरोबर. आणि त्यावर पट्टी ठेवून आडवी रेघ मारली होती.

वहिनी शेजारीच बसली होती. मी कुजबुजले, "हे का खोडलंस?"

"चुकलं होतं गं."

"थापा मारू नकोस. बरोबर आहे. आधीच्या तिन्ही वेळा असंच केलंस ना?"

ती जरा वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. मग म्हणाली, "तू फुरंगटलीस की सासूबाई फुरंगटतात. मग हे म्हणतात, कशाला हवाय हा उपद्व्याप. मला अजून एक वर्ष इथं यायचंय."

खरं सांगते, आधी मला बरं वाटलं. खोडलेल्याला गुण नाहीत, नियमच आहे. शून्य दिलं असतं तर कोणी मला बोल लावला नसता. पण मग अंगाचा असा भडका उडाला! म्हणजे मी हुशार नव्हतेच. ही बया मला वर्षभर लहान पोरीसारखी जिंकू देत होती. आणि तेही मला घाबरून. मला!

मी उभी राहिले आणि बाईंना सगळं सांगून टाकलं. बाईंनी पेपर पाहिला, वहिनीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "फळ्यावर सोडवून दाखव. आलं तर गुण."

वहिनी उठली. खडू घेतला. आणि फळ्याकडे वळण्याआधी तिनं माझ्याकडे पाहिलं. घरातून निघताना परवानगीसाठी आईकडे बघते ना, अगदी तसं.

"माझ्याकडे काय बघतेस? लिही ना!" मी सगळ्या वर्गात ओरडले.

तिनं पाच ओळींत सोडवलं.

किल्ली तिला मिळाली. घरी जाताना मी तिच्या चार पावलं पुढे चालत होते. डोळ्यांत सारखं पाणी येत होतं आणि ते तिच्या कौतुकाचं मुळीच नव्हतं.

दारातच आईनं विचारलं, "काय गं, कोण आलं पहिलं?"

वहिनी चपला काढायला खाली वाकली, ती वाकलेलीच राहिली.

"वहिनी," मी म्हटलं. "आणि मी अजिबात रागावलेली नाही, कळलं ना? ती उद्यापासून माझ्या आधी निघेल. सकाळचं काम मी करीन."

रागावले नव्हते, एवढं सोडलं तर बाकी सगळं खरं होतं.